परदेशी बँडचे चाहते आणि आपले बेदखल शाहीर

सांगली आणि मिरज या दोन शहरांच्या मधोमध असलेले विश्रामबाग हे आता विद्यार्थ्यांचे गाव झाले आहे. १९१९ साली स्थापन झालेले विलिंग्डन महाविद्यालय, १९४७ साली सुरू झालेले आणि आज वालचंद या नावाने ओळखले जाणारे अभियांत्रिकी महाविद्यालय, आणि त्यांच्या आधाराने वाढलेली वसतिगृहे, खानावळी, अभ्यासिका, क्लासेस. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडची पोरे-पोरी येथे शिकायला येतात. बाबासाहेबांच्या शब्दाला जागून आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन पाठविलेली आपली मुलेही त्यांत आहेत. या मुलांच्या मोबाईलवर काय वाजते? लंडनचा कोल्डप्ले वाजतो, कोरियाचा बीटीएस वाजतो. नुसते गाणे ऐकून ही मुले थांबत नाहीत. कोणत्या देशात कोणते गाणे कितव्या क्रमांकावर गेले, कोणत्या वर्तमानपत्राने काय छापले, कोणत्या मासिकाने मुखपृष्ठ दिले आणि कोणी वाकडे लिहिले, याची खडान्‌खडा माहिती त्यांच्याकडे असते.

जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले हा रॉक बँड नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १८, १९ आणि २१ तारखेला गाऊन गेला. तिकिटांचे दर २,५०० रुपयांपासून ३५,००० रुपयांपर्यंत होते. २२ सप्टेंबर २०२४ रोजी विक्री सुरू झाली आणि पाहता पाहता संपली. मग काळ्या बाजारात हीच तिकिटे लाखाच्या भाषेत बोलू लागली. प्रस्थापित वर्तमानपत्रांनी या बातमीला पानेच्या पाने दिली. तेव्हा आपल्यातल्या जाणत्या मंडळींनी कपाळाला हात लावला. पोरे वाया गेली, पाश्चात्त्यांच्या नादी लागली, यांना वामनदादा माहीत नाहीत आणि सातासमुद्रापलीकडचा गायक मात्र माहीत आहे, असा तो सूर होता.

आम्हाला हा सूर मान्य नाही. पोरांना बोल लावणे सोपे आहे. त्यांच्याकडून शिकणे अवघड आहे, पण चळवळीला आज त्याचीच गरज आहे. परदेशी बँडचा चाहता जे काम करतो, ते काम आपल्या शाहिरांसाठी कोणी केले आहे काय, हा आमचा प्रश्न आहे.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. रॉक संगीत ही गोऱ्यांची मिरासदारी आहे, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. अमेरिकेच्या कापसाच्या शेतात गुलाम म्हणून राबलेल्या आफ्रिकन माणसांच्या वंशजांनी ब्लूज गाइले आणि त्या ब्लूजच्या पोटी रॉक जन्माला आले. आर्थर क्रुडप या काळ्या गायकाने 'दॅट्स ऑल राइट' हे आपले गाणे १९४६ साली ध्वनिमुद्रित केले. १९५४ साली एल्विस प्रेस्ली या गोऱ्या तरुणाने तेच गाणे गाइले. ते त्याचे पहिले गाणे आणि तेथून तो रॉकचा राजा झाला. क्रुडप १९७४ साली वारला. गाणे ज्याचे, त्याला त्याच्या मानधनाचा न्याय्य वाटा हयातभर मिळाला नाही. गाणे जगभर पोहोचले, गाणाऱ्याची वही कोरी राहिली. ही गोष्ट आपल्या वाचकाला परकी वाटणार नाही. १९७२ साली आपल्या तरुणांनी 'दलित पँथर' हे नाव घेतले ते अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरूनच घेतले. तेव्हा आपली पोरे रॉक ऐकतात म्हणून कुणाची संस्कृती बुडत नाही.

आता चाहत्यांच्या कामाकडे वळू. १९६३ साली बीटल्स या चौघांच्या बँडने इंग्लंड डोक्यावर घेतले होते, पण अमेरिकेत त्यांना कोणी विचारीत नव्हते. त्यांच्या इंग्रज कंपनीचीच अमेरिकेतली बहीण असलेल्या कॅपिटॉल कंपनीने त्यांच्या तबकड्या काढायला जवळजवळ वर्षभर टाळाटाळ केली. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये मेरीलँड राज्यातल्या एका पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलीने टीव्हीवर बीटल्सविषयीची बातमी पाहिली. तिने वॉशिंग्टनच्या रेडिओ केंद्राला पत्र धाडले की, हे संगीत आमच्याकडे का ऐकायला मिळत नाही? निवेदकाने इंग्लंडहून तबकडी मागविली आणि १७ डिसेंबरला ती वाजविली. केंद्राचे फोन थांबेनात. कंपनीला जानेवारीत काढायची तबकडी घाईघाईने २६ डिसेंबरलाच बाजारात आणावी लागली. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्स अमेरिकेच्या टीव्हीवर गाइले तेव्हा ७ कोटी ३० लाख लोक पाहत होते. परदेशातल्या एका चाहतीच्या पत्राने एवढी घाई करायला लावली! त्याच वर्षी ११ सप्टेंबरला फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल येथे काळे प्रेक्षक वेगळे बसविणार असाल तर आम्ही गाणार नाही, अशी भूमिका बीटल्सनी घेतली आणि काळे-गोरे एकत्र बसले. लोकप्रियता भूमिकेच्या कामी कशी आणता येते, याचा हा दाखला आहे.

बीटीएसचे उदाहरण तर आजच्या पोरांच्या डोळ्यांदेखत घडलेले आहे. १३ जून २०१३ रोजी सात कोरियन तरुणांनी सुरुवात केली. त्यांची भाषा जगाला कळत नव्हती. ती कळवून देण्याचे काम देशोदेशीच्या चाहत्यांनी अंगावर घेतले. गाण्यांची भाषांतरे केली, मुलाखतींची भाषांतरे केली, कुठे काय छापून आले त्याची कात्रणे जमविली, रेडिओ केंद्रांकडे मागणी लावून धरली, आकडे मोजले, चुकीची बातमी आली तर खुलासा पाठविला. मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत त्यांचा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाला मिनियापोलिसच्या पोलिसाने गुडघ्याखाली चिरडून मारले. तेव्हा बीटीएसने काळ्यांच्या चळवळीला दहा लाख डॉलर दिले आणि चाहत्यांनी एका दिवसाच्या आसपास तेवढीच रक्कम आपापसांत गोळा करून दिली. हे चाहते कोण? शाळा-महाविद्यालयांतल्या पोरी, दुकानात काम करणाऱ्या बाया, नोकरदार. त्यांच्यामागे ना सत्ता होती ना घराणे. शिस्त होती आणि नोंद ठेवण्याची सवय होती.

चाहता म्हणजे टाळ्या वाजविणारा माणूस, एवढाच अर्थ आपल्याकडे धरला जातो. परदेशातल्या या चाहत्यांनी तो अर्थ बदलला आहे. चाहता हा साक्षीदार असतो. कोणी गाइले, कोणी लिहिले, कोणाचे नाव गाळले, हे तो लिहून ठेवतो आणि वेळ आली की विचारतो.

असे विचारणे किती महत्त्वाचे आहे, ते तमिळनाडूतल्या आपल्या भावंडांनी दाखवून दिले. ६ जानेवारी २०१८ रोजी चेन्नईत दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा बँड लोकांसमोर आला. पंडित अयोथी दास यांच्या 'जातिविहीन तमिळ' या विचारावरून त्याचे नाव घेतलेले. चेन्नईच्या वस्त्यांमधले गाना, रॉकची गिटार आणि रॅप यांना एकत्र आणून हे तरुण आरक्षण, गोमांस, मैला वाहणाऱ्यांचे मरण आणि बाबासाहेब यांवर गाऊ लागले. त्याच बँडमधला अरिवु. मार्च २०२१ मध्ये 'एन्जॉय एन्जामी' हे त्याने लिहिलेले आणि धी या गायिकेसह गाइलेले गाणे आले आणि जगभर गाजले. श्रीलंकेच्या चहामळ्यात राबलेल्या आणि पुढे भारतात परत धाडल्या गेलेल्या त्याच्या आजीची, भूमिहीनांची कहाणी त्या गाण्यात आहे. परंतु त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'रोलिंग स्टोन'च्या भारतीय आवृत्तीने या गाण्याच्या यशाचा उल्लेख करणारे मुखपृष्ठ छापले, तेव्हा त्यावर अरिवुचा चेहरा नव्हता. ज्याच्या आजीची कहाणी, ज्याचे शब्द, तोच गायब!

पा. रंजित यांनी जाहीर आक्षेप घेतला. देशभरातल्या आणि देशाबाहेरच्या चाहत्यांनी जाब विचारला. मग त्या मासिकाला अरिवुचे स्वतंत्र मुखपृष्ठ ऑनलाइन प्रसिद्ध करावे लागले. दारात उभे राहून विचारल्याशिवाय प्रस्थापित माध्यमे आपल्याला मोजत नाहीत, हा अनुभव काही आजचा नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. तेव्हा पैसे मोजायची तयारी असूनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. बाबासाहेब त्या नकारावर रडत बसले नाहीत. 'मूकनायक'नंतर 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' अशी पत्रे त्यांनी उभी केली. आपली नोंद आपणच ठेवली पाहिजे, हा धडा त्यांनी शंभर वर्षांपूर्वी घालून दिला.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. सांगलीची ओळख सांगताना सगळे एका सुरात सांगतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केले म्हणून ही नाट्यपंढरी. मिरज म्हणजे सतार-तंबोऱ्यांचे आणि अब्दुल करीम खाँसाहेबांचे गाव. हे सगळे खरे आहे, त्याचा आदरच आहे. पण याच जिल्ह्यात वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात १ ऑगस्ट १९२० रोजी मांगवाड्यात जन्मलेला शाहीर त्या यादीत कितव्या क्रमांकावर येतो?

अण्णाभाऊ साठे यांना परदेशी चाहते होते आणि तेही मोबाईल, इंटरनेट नसताना. १९४३ सालच्या त्यांच्या स्टालिनग्राडच्या पोवाड्याचे रशियन भाषांतर झाले. मुंबईच्या कामगार वस्तीत डफावर गाइलेला पोवाडा मॉस्कोपर्यंत गेला. १९६१ साली ते रशियाला जाऊन आले आणि त्या प्रवासावर त्यांनी पुस्तक लिहिले. त्याच वर्षी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेल्या 'फकिरा' कादंबरीला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. एवढे सारे झाले, आणि १८ जुलै १९६९ रोजी हा माणूस मुंबईत दारिद्र्यात मेला. १४ सप्टेंबर २०२२ रोजी मॉस्कोतल्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. मंत्री गेले, छायाचित्रे छापून आली. आम्हाला त्याचा आनंदच आहे. परंतु परदेशी कीर्तीने घरची चूल पेटत नाही, हेही अण्णाभाऊंच्या आयुष्याने शिकविले आहे. बाहेरच्यांनी वाहवा करायची आणि घरच्यांनी मेल्यावर पुतळा उभारायचा, या दोहोंच्या मधली जागा रिकामी राहिली. कलावंत जिवंत असताना त्याच्या प्रत्येक ओळीचा हिशेब ठेवणारा, त्याचे मानधन त्याच्या हातात पडले की नाही हे विचारणारा चाहता त्या जागेवर उभा राहायला हवा होता.

वामनदादा कर्डकांचे तेच झाले. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेल्या या माणसाने मोठेपणी अक्षर ओळख करून घेतली आणि हजारो गाणी लिहिली. खेड्यापाड्यांत पायी फिरून बाबासाहेब घरोघरी नेले. १५ मे २००४ रोजी ते गेले. त्याच वर्षी जूनमध्ये प्रल्हाद शिंदे गेले. एकाचे शब्द आणि दुसऱ्याचा गळा यांच्यावर तीन पिढ्यांची जयंती साजरी झाली. आजही १४ एप्रिलच्या मिरवणुकीत ही गाणी वाजतात. डीजेचे भाडे ठरविताना मंडळे घासाघीस करतात, पण कवीचे नाव ध्वनिक्षेपकावरून सांगितले जात नाही. मोबाईलवर तेच गाणे शेकडो नावांनी फिरते. कुठे गायकाचे नाव, कुठे कंपनीचे नाव, कुठे ज्याने ते चढविले त्याचे नाव. कवी बेदखल! ज्या समाजाला इतिहासाने बेदखल केले, त्या समाजाने आपल्या कवीला बेदखल करावे, याहून मोठी शोकांतिका कोणती?

हे फक्त भावनेचे प्रकरण नाही. कायद्याचे आहे आणि पैशाचेही आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या लेखनाचा हक्क टिकतो. म्हणजे अण्णाभाऊंच्या साहित्याचा हक्क २०२९ सालाच्या अखेरपर्यंत आणि वामनदादांच्या गाण्यांचा २०६४ सालाच्या अखेरपर्यंत जिवंत आहे. याच कायद्याचे कलम ५७ असे सांगते की, लेखकाने आपला हक्क विकला तरी ही कृती माझी आहे असे म्हणण्याचा त्याचा अधिकार शिल्लक राहतो. नाव विकले जात नाही! २०१२ सालच्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना मानधनाचा वाटा सोडून देता येणार नाही, अशी तरतूद केली. आपल्या किती शाहिरांच्या कुटुंबांपर्यंत ही माहिती पोहोचली आहे? कॅसेटच्या काळात एकरकमी पैसे घेऊन कागदावर अंगठा उठविणाऱ्या गायकाच्या नातवाला आज कोणी सांगितले आहे काय की, तुझ्या आजोबाच्या नावाचा हक्क अजून शाबूत आहे?

यावर कोणी म्हणेल, चळवळीपुढे याहून मोठे प्रश्न आहेत. अत्याचार होत आहेत, शिष्यवृत्त्या अडकत आहेत, आरक्षण पोकळ केले जात आहे, अशा वेळी गाण्यांच्या नोंदी काय करायच्या? आमचे उत्तर असे की, या सगळ्या लढ्यांत माणसे रस्त्यावर आली ती गाण्यांनी आली. आंबेडकरी जलसा नसता तर ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत चवदार तळे आणि काळाराम कसे पोहोचले असते? १९९७ च्या जुलैत घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसे गेली आणि चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचे जीवन संपविले. आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड'मुळे परदेशातल्या प्रेक्षकांनी घोगऱ्यांचा आवाज ऐकला. २०१४ साली 'कोर्ट' हा मराठी चित्रपट व्हेनिसमध्ये गौरविला गेला, तेव्हा त्यातल्या शाहिराच्या रूपाने आपले वीरा साथीदार आणि त्यातल्या गाण्यांच्या रूपाने आपले संभाजी भगत जगापुढे गेले. बाहेरच्या वर्तमानपत्रांनी त्यावर भरभरून लिहिले. वीरा साथीदार २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने गेले. बाहेर काय काय छापून आले त्याची कात्रणे आपल्या किती वाचनालयांत लावून ठेवली आहेत? जग आपल्या शाहिराकडे पाहते आणि आपल्याकडे त्याचा एक धड फोटो सापडत नाही, ही अवस्था बदलली पाहिजे.

म्हणून विश्रामबागेतल्या आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक वसतिगृहातल्या आपल्या पोरा-पोरींना आमचे सांगणे आहे. कोल्डप्ले ऐका, बीटीएस ऐका, आमची ना नाही. पण त्या बँडसाठी जगभरचे चाहते जे कसब वापरतात, त्यातला चार आणे भाग आपल्या शाहिरांसाठी वापरा. सुट्टीत गावी जाल तेव्हा वस्तीतला जुना जलसाकार, भजनी मंडळातला गायक, ढोलकीवाला शोधा. तो सत्तरी-ऐंशीचा असेल. त्याला मोबाईलवर बोलते करा. कोणते गाणे कोणी लिहिले, कोणत्या साली गाइले, चाल कोणाची, पैसे किती मिळाले, ते वहीत उतरवा. घरोघरी ट्रंकेत पडलेल्या कॅसेटी बुरशी लागण्याआधी उतरवून घ्या. अभियांत्रिकी शिकणाऱ्यांना तर हे एका रविवारचे काम आहे. त्याची एक प्रत गावच्या बुद्धविहारात आणि एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवा. इंग्रजी येते त्यांनी चार गाण्यांचा अर्थ इंग्रजीत लिहा, म्हणजे बीटीएसप्रमाणे आपलाही शब्द भाषेची वेस ओलांडेल. आणि पत्रे लिहा. आकाशवाणीच्या सांगली केंद्राला लिहा, वर्तमानपत्रांना लिहा, नाव गाळणाऱ्या चॅनेलला लिहा. अमेरिकेत एका शाळकरी मुलीच्या पत्राने कंपनीचे वेळापत्रक बदलले. आपण तर संख्येने लाखो आहोत.

मंडळांच्या पदाधिकाऱ्यांनाही दोन शब्द. येत्या १ ऑगस्टला अण्णाभाऊंची आणि १५ ऑगस्टला वामनदादांची जयंती आहे. त्या दिवशी जे जे गाणे वाजेल, त्याच्या आधी कवीचे, गायकाचे आणि संगीतकाराचे नाव ध्वनिक्षेपकावरून सांगा. कार्यक्रमपत्रिकेत पाहुण्यांच्या नावांसाठी जेवढी जागा ठेवता, तेवढी गाणी लिहिणाऱ्यांसाठी ठेवा. वर्गणीतला दहावा हिस्सा वस्तीतल्या एखाद्या वृद्ध कलावंताच्या हातात, तो जिवंत असताना द्या. याला शासनाची परवानगी लागत नाही आणि मंत्र्याची तारीखही लागत नाही.

जयभीम!